कचऱ्याला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की छपाईत काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. आज आपण कुलपांबद्दलच बोलणार आहोत. फक्त ही कुलपं तिजोरीची किंवा वाड्याच्या दिंडीदरवाजाची नाहीत; रस्त्यावरच्या, सोसायटीच्या, बाजारातल्या कचरापेटीची आहेत.

कुलपांचा इतिहास म्हटला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. लंडनच्या ब्रामा कंपनीनं आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवलं होतं आणि जाहीर केलं होतं, की हे किल्लीशिवाय उघडून दाखवील त्याला २०० गिनी बक्षीस. जवळजवळ साठ वर्षं ते कुणाला जमलं नाही. अखेर १८५१ सालच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं ते उघडलं. सोळा दिवस तो खपत होता, एकूण ५१ तास. कुलूप म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर हेच येतं: आत काहीतरी मोलाचं आहे, बाहेर चोर आहे, आणि कुलूप बनवणारा आणि चोर यांच्यात हुशारीची झटापट चालली आहे.

पण जे आपण स्वतःच्या हातानं फेकून दिलं, त्याला कुलूप कशासाठी?

मला हा प्रश्न पडला तो आमच्या सोसायटीमुळे. काही वर्षांपूर्वी कमिटीनं ठराव केला, की गेटजवळच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीला कुलूप लावायचं. कारणं दोन: कुत्री पिशव्या ओढून काढतात, आणि 'कोणीतरी येऊन कचरा उपसतं'. चांगलं दणकट पितळी कुलूप आणलं, कडी-कोयंडा बसवला, किल्ली वॉचमनकडे दिली. पहिल्याच दिवशी वॉचमन दुपारी जेवायला गेला. लोक पिशवी घेऊन खाली आले, कुलूप बघितलं, आणि पिशवी पेटीशेजारी ठेवून वर गेले. संध्याकाळी बघतो तर पेटी स्वच्छ, कुलूप शाबूत, आणि सभोवती कुत्र्यांची पंगत बसलेली!

कुलपाचा यात काहीच दोष नव्हता. आम्ही ते निवडताना एवढंच विचारलं होतं, की मजबूत आहे का. ते कोणाला अडवण्यासाठी आहे आणि किल्ली कोणाकडे असणार आहे, हे दोन प्रश्न राहूनच गेले. आणि कचऱ्याच्या कुलपाचा सगळा इतिहास बघितला, तर तो याच दोन प्रश्नांचा आहे.

पॅरिस, १८८४: आधी झाकण आलं

आपल्याकडे गावात उकिरडा असायचा, तो घराचा असायचा. त्यात शेण, राख, केरकचरा पडायचा आणि त्याचं खत शेतात जायचं. उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात अशी म्हण आपल्याकडे आहे. पण शहरात उकिरडा कोणाचा? रस्त्यावर टाकलेला कचरा घरमालकाचा, नगरपालिकेचा, की उचलेल त्याचा?

हा प्रश्न सगळ्यात मोठ्यानं विचारला गेला तो पॅरिसमध्ये. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसात हजारो माणसं कचरा वेचून जगत होती. पाठीवर वेताची टोपली, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात आकडी. रात्री घरांपुढे पडलेले ढीग ही माणसं उचकत. चिंध्यांपासून कागद बनायचा. हाडांपासून गुंड्या आणि सरस व्हायचा, शिवाय हाडांचा कोळसा साखर शुद्ध करायला लागायचा. काच, लोखंड, केस, सगळ्याला गिऱ्हाईक होतं. म्हणजे आज ज्याला आपण पुनर्वापर म्हणतो, तो पॅरिसचा उद्योग या माणसांच्या आकडीच्या टोकावर चालला होता. पोलिसांची त्यांच्यावर नजर असायची; १८२८ पासून त्यांना सरकारी बिल्ला बाळगावा लागत असे.

अशा शहरात यूजेन पूबेल नावाचे प्रशासक आले. त्यांनी नोव्हेंबर १८८३ मध्ये हुकूम काढला आणि जानेवारी १८८४ पासून तो लागू झाला. प्रत्येक घरमालकानं भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे पुरवायचे. डब्यांचं माप ४० ते १२० लिटर. आणि डबे तीन प्रकारचे: सडणारा कचरा एकात, कागद आणि चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले तिसऱ्यात. होय, ओला आणि सुका कचरा वेगळा करा, हे १८८४ साली सांगून झालेलं आहे! डबा सकाळी गाडी येण्याच्या सुमारास बाहेर आणायचा, रिकामा झाला की आत न्यायचा.

आरोग्याच्या दृष्टीनं हुकूम चांगलाच होता. पण वेचकांच्या बाजूनं बघा. त्यांची अख्खी रात्र गेली. ढीग गेला, झाकण आलं. मोठा गदारोळ झाला. वर्तमानपत्रांनी पूबेलसाहेबांवर टीकेची झोड उठवली आणि चिडून त्या डब्याला त्यांचंच नाव चिकटवलं. आजही फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला 'पूबेल' म्हणतात. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं. गाडी येण्यापूर्वी कापड पसरून त्यावर डबा ओतायचा, हवं ते वेचायचं आणि उरलेलं परत डब्यात भरायचं, अशी मुभा वेचकांना मिळाली.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पॅरिसच्या वेचकांमध्ये दोन थर होते. एक, रस्तोरस्ती फिरणारे. दुसरे 'प्लासिए', म्हणजे जागा धरलेले. या प्लासिएंचा ठरावीक इमारतींच्या दारवानांशी संबंध असायचा. ते पहाटे इमारतीत जायचे, डबे बाहेर काढायला दारवानाला मदत करायचे आणि त्या बदल्यात कचऱ्यावर पहिला हात त्यांचा. ही जागा इतकी मोलाची होती, की ती विकली जायची, बापाकडून मुलाकडे जायची.

झाकण आलं, वेळ बांधली गेली, तेव्हा प्लासिए टिकले. ज्यांच्यासाठी कोणी दार उघडत नव्हतं, ते फिरते वेचक मात्र भरडले गेले. म्हणजे एकाच झाकणाचा परिणाम दोघांवर वेगवेगळा झाला, आणि तो कशावर ठरला? दारवानाशी ओळख असण्यावर. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला पुण्यात येऊन तिच्याकडे परत बघायचं आहे.

अस्वल आणि काकाकुवा

आता माणसं बाजूला ठेवू आणि जनावरांकडे येऊ. कुलूप बनवण्याच्या दृष्टीनं खरी डोकेफोड इथेच झाली आहे.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एकेकाळी हॉटेलांचा कचरा उघड्यावर टाकत, आणि तो खायला आलेली अस्वलं बघण्यासाठी पर्यटकांना बाकं मांडून ठेवलेली असत. हे खेळ १९४० च्या दशकात बंद झाले. उघडे उकिरडे मात्र १९७० च्या सुमारापर्यंत राहिले. ते बंद केले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कचऱ्यावर पोसलेली अस्वलं तंबूंकडे आणि वस्तीकडे वळली, आणि त्यातली बरीच मारावी लागली. तिथे एक गोष्ट पक्की समजली: कचऱ्याची चटक लागलेलं अस्वल म्हणजे बहुधा मेलेलं अस्वल. तिथल्या कचरापेटीचं कुलूप हे खरं तर अस्वलाचा जीव वाचवण्यासाठी असतं.

पण ते कसलं असावं? किल्लीचं कुलूप चालणार नाही, कारण हजारो पर्यटकांना किल्ल्या वाटणार कशा? साधी कडी अस्वल पंजानं उघडतं. तेव्हा उपाय निघाला तो असा: पेटीला पुढे एक टोपीसारखा पत्रा, त्याच्या खालून बोटं आत घालायची आणि आतली पट्टी दाबायची. माणसाची बोटं त्यात जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. इथे किल्ली कोणती, तर माणसाचा हात! आणि अशा पेट्यांची परीक्षाही मजेशीर असते. माँटाना राज्यात एका केंद्रात पाळलेली ग्रिझली अस्वलं आहेत. पेटीत खाऊ भरून ती त्यांच्यापुढे ठेवतात. अस्वलानं साठ मिनिटं झटापट करूनही पेटी टिकली, तर ती उत्तीर्ण.

दुसरं उदाहरण सिडनीचं. तिथे घरोघरी चाकांचे मोठे डबे असतात, आणि पिवळ्या तुऱ्याच्या पांढऱ्या काकाकुव्यांनी त्यांची झाकणं उघडायची कला शिकून घेतली. पक्षी डब्याच्या कडेवर बसतो, चोचीनं झाकण थोडं उचलतो, ते तसंच धरून कडेकडेनं चालत जातो आणि मागे पालथं करतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की २०१८ पूर्वी ही करामत तीनच उपनगरांमधून कळवली गेली होती. २०१९ च्या अखेरीस ती ४४ उपनगरांत पोचली. एक पक्षी दुसऱ्याचं बघून शिकत होता. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या, पक्ष्यांनी विटा ढकलून दिल्या. लोकांनी बिजागरीत जुने बूट खुपसले, बाटल्या बांधल्या. शेजाऱ्याचं बघून शेजारी शिकत होता. म्हणजे शिकण्याची पद्धत दोन्ही बाजूंना सारखीच!

मग सरळ कुलूपच का लावत नाहीत? कारण डबा गाडीवाला हातानं उघडत नाही. गाडीचा यांत्रिक हात डबा उचलतो आणि उलटा करतो; झाकण तेव्हा आपोआप उघडलं पाहिजे. या अडचणीवर एक सुंदर तोड आहे, वजनावर चालणारं कुलूप. त्याच्या आत एक लोलक किंवा छोटं वजन असतं. डबा उभा असेपर्यंत ते खिट्टी जागेवर धरून ठेवतं. डबा एका मर्यादेपलीकडे कलला की वजन सरकतं, खिट्टी सुटते, झाकण उघडतं. डबा पुन्हा उभा केला की कुलूप पुन्हा बसतं. किल्ली विसरली, हरवली, वॉचमन जेवायला गेला, असले प्रश्नच उरत नाहीत.

कुलूप कमजोर, पण त्याचा शब्द भारी

आतापर्यंत आपण लोखंडाचं बोललो. आता थोडं कायद्याचं.

अमेरिकेत १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. पोलिसांनी एका संशयिताच्या घराबाहेर ठेवलेल्या पिशव्या कचरा उचलणाऱ्याकरवी मिळवल्या आणि त्यात पुरावे शोधले. हा खासगीपणाचा भंग आहे का? सहा विरुद्ध दोन मतांनी न्यायालय म्हणालं, नाही. रस्त्याकडेला ठेवलेली पिशवी जनावरं, मुलं, वेचक, चौकस माणसं, कोणाच्याही हाती लागू शकते. तिच्या गुप्ततेची अपेक्षा धरता येत नाही.

याच्या शेजारी जर्मनीतला एक खटला ठेवून बघा. म्युनिकजवळच्या ओल्चिंग गावात २०१८ साली दोन विद्यार्थिनींनी रात्री एका सुपरमार्केटच्या आवारातल्या कचरापेटीतून खाण्याजोगे पदार्थ काढले: फळं, भाज्या, दही असलं काही. पेटीला कुलूप होतं. कसलं? चौकोनी खुंटीचं. युरोपात अशा पेट्यांना तीनकोनी किंवा चौकोनी खुंटीचं कुलूप असतं आणि त्याची पोकळ किल्ली कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्या मुलींकडे तशी किल्ली होती. चोरापुढे हे कुलूप टिकणारं नाही, हे लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरीही न्यायालयानं त्यांना चोरीबद्दल दोषी धरलं. शिक्षा नाममात्र होती, आठ तास समाजसेवा आणि राखून ठेवलेला दंड. पण कारण बघण्यासारखं आहे: पेटीला कुलूप होतं, ती दुकानाच्या जागेत होती, म्हणजे दुकानदारानं त्या वस्तूंवरचा हक्क सोडलेला नव्हता. २०२० साली तिथल्या घटना न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला.

म्हणजे दहा मिनिटांत कोणालाही मिळणाऱ्या किल्लीचं ते कुलूप, पण कायद्यात त्याचा अर्थ झाला, 'हे अजून माझं आहे.' कचऱ्यावर कुलूप लावणारा माणूस नकळत मालकी जाहीर करत असतो. फ्रान्सनं वेगळी दिशा धरली. २०१६ च्या कायद्यानं मोठ्या सुपरमार्केटांना न विकलेलं खाण्याजोगं अन्न जाणूनबुजून नासवायला मनाई केली आणि ते सेवाभावी संस्थांना देण्याचे करार करायला लावले. कुलपाच्या आत काय पोचतं, यावरच त्यांनी बोट ठेवलं.

एका गोष्टीचा उल्लेख करून पुढे जातो. काही वेळा कुलूप पुरत नाही, पेटीच काढून टाकावी लागते. १९९१ साली लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात कचरापेटीतल्या बॉम्बनं एकाचा बळी घेतला, आणि लंडनच्या स्थानकांतून पेट्या गेल्या. १९९५ साली पॅरिसमध्ये असाच स्फोट झाल्यावर पेट्यांची तोंडं बंद केली गेली, आणि पुढे कड्याला लटकवलेली आरपार दिसणारी पिशवी आली. ज्या शहरानं डब्याला झाकण दिलं, त्याच शहराला डबा पारदर्शक करावा लागला. भीती बदलली की पेटी बदलते.

पुणे: उघडी कुंडी गेली तेव्हा

आता घरी येऊ. पुण्यात तुमच्यापैकी अनेकांना चौकाचौकातल्या कचराकुंड्या आणि नंतरचे ते लोखंडी कंटेनर आठवत असतील. उघडे, भरून वाहणारे. आपल्याला तिथून नाक दाबून जायची सवय. पण पोतं घेऊन त्या कुंडीत उतरणाऱ्या बायकांसाठी ती उघडी कुंडी म्हणजे रोजगार होता. बहुतांश दलित समाजातल्या बायका, हातात लोखंडी आकडी, पॅरिससारखीच.

१९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून आलेल्या कार्यकर्त्या त्यामागे होत्या. काही वर्षांतच संघटनेच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली. पॅरिसचा बिल्ला पोलिसांनी नजर ठेवण्यासाठी दिला होता. हे ओळखपत्र बायकांनी स्वतः मागून घेतलं होतं. ते दाखवून त्या सांगू शकत होत्या, की आम्ही चोर नाही, आमचं हे काम आहे.

मग २००० साली केंद्र सरकारचे घनकचऱ्याचे नियम आले. कचरा दारातून गोळा करा, उघड्या कुंड्या संपवा. शहराच्या आरोग्यासाठी हे हवंच होतं, पूबेलसाहेबांच्या हुकुमासारखंच. आणि तशीच अडचण समोर आली. कुंडी गेली, कचरा दारातून थेट बंद गाडीत गेला, तर वेचणाऱ्या बाईनं करायचं काय? एकाही पेटीला कुलूप न लावता सगळ्या शहराचा कचरा तिच्यासाठी कुलूपबंद होणार होता.

पुण्यात इथे इतिहास थोडा वेगळा वळला. संघटनेनं म्हटलं, दारातून कचरा गोळा करायचाच आहे ना? मग ते काम आम्हीच करतो. त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. बाई घरोघरी जाते, घराकडून महिन्याचे ठरलेले पैसे घेते, आणि सुका माल विकण्याचा हक्क तिचा राहतो. पॅरिसमध्ये जी गोष्ट दारवानाशी ओळख असलेल्या मोजक्या प्लासिएंना मिळाली, ती इथे संघटनेमुळे हजारो बायकांना करारानं मिळाली. पुढे २०१६ च्या नियमांत कचरावेचकांचा स्पष्ट उल्लेख आला आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. कराराचं नूतनीकरण आलं की दर वेळी ओढाताण होते, आणि कराराबाहेर राहिलेल्या बायका आजही आहेतच. पण दार कोणासाठी उघडायचं, हा निर्णय इथे उघडपणे, बोलून घेतला गेला.

मग कुलूप निवडायचं कसं?

व्याख्यानानंतर मला हा प्रश्न विचारला जाणारच, म्हणून आधीच सांगतो.

पहिलं, ते कोणाला अडवण्यासाठी आहे ते स्पष्ट बोला. कुत्री, मांजरं, माकडं असतील तर किल्लीची गरजच नाही. फिरकीची कडी किंवा दाबून उघडायची खिट्टी पुरते. बाहेरचे लोक रात्री येऊन राडारोडा टाकत असतील, तरच किल्लीचा विचार करा.

दुसरं, कचरा टाकणाऱ्याचे दोन्ही हात भरलेले असतात हे धरून चाला. एका हातानं उघडत नसेल, तर पिशवी शेजारीच पडणार. टाकायचं तोंड मोकळं ठेवून फक्त रिकामं करायच्या दाराला कुलूप लावणं बऱ्याचदा शहाणपणाचं.

तिसरं, पेटी रिकामी कशी होते ते बघा. गाडी उचलून उलटी करत असेल, तर वजनाचं कुलूप. हातानं होत असेल, तर एकाच किल्लीनं उघडणारी सारखी कुलपं, आणि कुलूप साखळीनं पेटीला बांधलेलं. नाहीतर ते कचऱ्याबरोबरच जातं.

चौथं, आपला पावसाळा. लोखंडी कुलूप एका मोसमात गंजतं, म्हणून पितळी घ्या, किल्लीच्या भोकावर झाकण असलेलं. आत तेल सोडू नका, त्यात धूळ बसून चिखल होतो. ग्राफाइटची पूड बरी.

पाचवं, मोठ्या पेटीत माणूस शिरू शकतो. थंडी-पावसात कोणी आडोशाला आत झोपलेलं असू शकतं. म्हणून कुलूप लावण्यापूर्वी आणि गाडीत ओतण्यापूर्वी आत वाकून बघायचं, हा नियम लेखी असू द्या. यात कसूर झाली तर माणसाचा जीव जातो.

आणि शेवटचं. कचरा गोळा करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कुलूप घेऊ नका.

आमच्या सोसायटीत आम्ही हे उशिरा केलं. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना कमिटीनं एकदा मीटिंगला बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं, काय करू या? त्या म्हणाल्या, "ओल्याच्या डब्याला नुसती कडी लावा, कुत्र्याला ती जमत नाही. सुकं वेगळं करून माझ्या हातात द्या. मग कुलपाचं काम काय?" पाच मिनिटांत विषय संपला.

ते पितळी कुलूप आता पंपाच्या खोलीला आहे. तिथे ते उत्तम चालतं.